आम्ही कंपनी बघायला निघालो

ट्रक कधीकधी रिकामा परत येतो, ड्रायव्हर मात्र कधीच रिकामा येत नाही. एखादा तरी किस्सा घेऊनच येतो! पार्किंगमध्ये गाड्या लागल्या, चहा आला, की कोणीतरी म्हणतंच, "अरे, परवा काय झालं माहितीये का..." आणि पहिल्याचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. मला मात्र कोणी सांग म्हटलं, तर मी रस्त्यावरचे किस्से सांगत नाही. रस्त्यावर यायच्या आधीचे सांगतो. मी आणि दिलीप, दोघं नवेकोरे ड्रायव्हर, सिल्वासात नोकरी शोधत हिंडत होतो तेव्हाचे.

मी शिंदखेड्याकडचा, दिलीप शहाद्याचा. सिल्वासाजवळच्या राखोलीला धाग्याच्या एकाच कारखान्यात आम्ही मशीनवर होतो, एकाच खोलीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या एका ड्रायव्हरकडे गाडी शिकलो आणि दोघांनी हेवी लायसन्स काढलं. ते हातात आल्यावर दिलीप एकदम शेठसारखा बोलायला लागला.

"भो, आजपर्यंत कंपनीनं आपल्याला निवडलं. आता आपण कंपनी निवडायची. मुलगी बघायला जातात ना, तसं! चहा प्यायचा, घरदार बघायचं आणि 'कळवतो' म्हणून उठायचं."

दिलीपला चेष्टा सुचत होती, कारण त्याच्या मागे कोणी नव्हतं. माझी बायको रेखा आणि लहानगी मुलगी गावी होत्या. कारखान्याचा पगार बंद झाला असता तर घर कशावर चालवायचं? सुदैवाने आमचे सुपरवायझर शिंदेसाहेब, नाशिकचे, भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कैलास, महिनाअखेरपर्यंत तुझं मशीन मी दुसऱ्याला देत नाही. गाडी मिळाली तर पेढे घेऊन ये. नाही मिळाली तर गुपचूप येऊन उभा राहा. मी काही विचारणार नाही."

तर असे आम्ही कंपनी बघायला निघालो!

*

पहिलं ऑफिस एका म्हाताऱ्या शेठचं. टेबलावर देव, देवापुढे अगरबत्ती, अगरबत्तीमागे शेठ. त्यांनी आमची लायसन्स उलटीपालटी करून बघितली.

"अनुभव?"

"नाही शेठ. नवीनच आहोत."

"मग आधी अनुभव घेऊन या."

मी उठायलाच लागलो होतो. दिलीप मात्र खुर्चीला चिकटून बसला. हात जोडून म्हणाला, "शेठ, तोच घ्यायला आलोय. तुमच्याकडं मिळतो असं ऐकलं!"

शेठ इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला, बिस्किटं मागवली, गावाची, आईबापाची चौकशी केली. आम्हाला वाटलं, झालं काम! निघताना दिलीपने हळूच विचारलं, "मग शेठ, उद्यापासून येऊ?"

"चहाला कधीपण ये, भाई," शेठ म्हणाले. "अनुभव संपलाय."

*

दुसरी कंपनी एकदम मॉडर्न. काचेचं ऑफिस, आत एसी, बाहेर एकाच रंगाच्या नव्या गाड्या. मॅनेजर कुलकर्णी साहेब पुण्याचे, शिकलेले इंजिनिअर. मला ते "अहो पाटील", दिलीपला "अहो पावरा" म्हणायचे. आजवर मला "अहो" फक्त रेखा म्हणायची, दिलीपला तर कोणीच नाही!

त्यांच्या गाडीत ड्रायव्हरच्या तोंडासमोर एक कॅमेरा होता. ड्रायव्हरचे डोळे मिटले की तो ओरडायचा. आता दिलीपचे डोळे मुळातच बारीक. हसला तर दिसतही नाहीत. ट्रायलला तो स्टेअरिंगवर, शेजारी कुलकर्णी साहेब, मागे मी. गाडी गेटच्या बाहेर पडते न पडते तोच आवाज आला, "सावधान! चालक सो रहा है!"

दिलीप दचकला. साहेब म्हणाले, "असू दे, चालवा." दहा पावलं गेलो नाही तोच पुन्हा, "सावधान! चालक सो रहा है!"

मग दिलीपने डोळे वटारले. भुवया थेट केसांपर्यंत नेल्या आणि तसाच गाडी चालवायला लागला. समोरून येणारे रिक्षावाले घाबरून बाजूला व्हायला लागले! मला मागे हसू आवरेना. माझं हसू ऐकून दिलीपला हसू फुटलं, आणि मशीनने तर बोंबच मारली.

साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. गंभीरपणे म्हणाले, "पावरा, तुम्ही जागे आहात हे मला दिसतंय. पण मशीनला पटत नाहीये."

"साहेब," दिलीप म्हणाला, "शाळेत गुरुजींनाही पटत नव्हतं!"

दुसऱ्या कोणी त्याला तिथूनच परत पाठवलं असतं. कुलकर्णी साहेबांनी मात्र कॅमेऱ्याच्या माणसाला बोलावून घेतलं. त्याने कॅमेरा थोडा खाली बसवला, दिलीपचा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवून मशीनला समजावलं की बाबा रे, हा माणूस असाच आहे. दिलीपला ती जागा मिळाली आणि तो आजही तिथंच आहे. फक्त मला गाडीत घेत नाही. म्हणतो, "तू बसला की मला हसू येतं, आणि मी हसलो की मशीन ऑफिसला चुगली करतं!"

*

दिलीपचं जमलं आणि मी एकटा राहिलो. त्या कंपनीत तेव्हा एकच जागा होती. दिलीपने त्याची ट्रायल झाल्यावर साहेबांना विचारलं होतं, "माझ्याऐवजी याला घ्या, याच्या घरी लेकरू आहे." साहेब नाही म्हणाले. हे मला साहेबांकडून कळलं. दिलीपने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मी केमिकलच्या टँकरच्या कंपनीत जाऊन आलो. तिथल्या ट्रेनिंगवाल्याने विचारलं, "रस्त्यात टँकर गळायला लागला तर पहिलं काय करशील?"

मी खरं ते सांगितलं. "पळेन."

"कुठल्या बाजूला?"

मी दाराकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "वारा कुठून येतो ते बघायचं, मग पळायचं. बाकी बरोबर आहे. ट्रेनिंगला ये." मी खुशीत रेखाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या टँकरवर मागं कवटीचं चित्र असतं, तोच ना?"

"हो. पण ट्रेनिंग देतात..."

"ज्या गाडीवर कवटी, ती माझ्या नवऱ्याला नको."

संपलं! टँकर कॅन्सल.

मग एक लांबच्या रूटवाले भेटले. त्यांच्या माणसाने भिंतीवरच्या नकाशासमोर मला उभं केलं. छडीने दाखवत सुटला, "हे गुवाहाटी, हे चेन्नई, हे जम्मू. भाई, लोक पैसे देऊन भारत बघतात, तू पगार घेऊन बघ!" बोलण्यात असा गोडवा की मला नकाशातला डोंगरही थंडगार वाटायला लागला. मी तिथूनच रेखाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे त्यानेच तिला समजवावं. त्याने पुन्हा गुवाहाटीपासून सुरुवात केली.

रेखाने मधेच विचारलं, "भाऊ, ते सगळं खरं. हे घरी कधी येतील?"

"ताई, दोन-अडीच महिन्यांत एक चक्कर पक्की!"

मग रेखा थेट आमच्या अहिराणीत आली, "आवं, मंग तुमनी पोर तुमले मामा म्हनी!"

त्या माणसाला अहिराणी येत नव्हती. पण 'मामा' त्याला बरोबर कळलं. त्याने छडी खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाई, तू जवळचाच रूट बघ. माझी मुलगी मला अंकल म्हणते."

*

महिना सरत आला होता. राखोलीच्या चहाच्या टपरीवर गुलाबदादा म्हणून एक जुने ड्रायव्हर बसायचे. रोज मी हात हलवत परत यायचो आणि ते बघायचे. एकदा म्हणाले, "तू ऑफिसात जाऊन शेठचं तोंड बघतो, तेच चुकतं. स्टेपनी बघ. गाडीचे चालते टायर सगळेच चांगले ठेवतात, पोलीस बघतात म्हणून. स्टेपनी कोणी बघत नाही. ती टकली असली तर समजायचं, या शेठला रस्त्यात अडकलेल्या ड्रायव्हरची पर्वा नाही."

मी हे दिलीपला सांगितलं. त्याला सुट्टी होती, तोही माझ्याबरोबर निघाला. हंसाबेनच्या यार्डात आम्ही गेलो. नवरा गेल्यावर या बाईने सगळा धंदा अंगावर घेतलेला. गेटजवळ एक गाडी उभी होती. कोणाला काही विचारायच्या आत दिलीप सरळ गाडीखाली शिरला!

मी म्हणतोय, "अरे, आधी ऑफिसात तरी जाऊ," तोवर वॉचमन धावत आला. त्याला गाडीखालून बाहेर आलेले दोनच पाय दिसले. त्याने ते धरले आणि ओरडायला लागला, "चोर! टायर चोर!" तो पाय ओढतोय, दिलीप आतून स्टेपनी धरून बसलाय, आणि ओरडतोय, "कैलास, चांगली आहे रे! एकदम नवी आहे!"

गलका ऐकून हंसाबेन बाहेर आल्या. "आ शुं चाले छे?"

मी घाईघाईने सगळं सांगितलं. काम मागायला आलोय, हा माझा मित्र, चोर नाही, गुलाबदादांनी स्टेपनी बघायला सांगितली.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काम मागायला आला की गाडी विकत घ्यायला?"

"काम मागायला, बेन."

"मग एकच काय बघतो?" त्यांनी वॉचमनला दिलीपचे पाय सोडायला लावले. "याला सगळ्या गाड्या दाखव. सगळ्यांची स्टेपनी दाखव. अने पछी चा पिवडाव."

*

ती नोकरी मला मिळाली. कशी मिळाली ते ऐका.

हंसाबेनच्या यार्डात ट्रायल त्या स्वतः घ्यायच्या नाहीत, त्यांच्या सासूबाई घ्यायच्या. त्यांना सगळे बा म्हणायचे. पांढरी साडी, हातात काठी, आणि जिभेला ब्रेक नाही! रिकाम्या ट्रकमध्ये बांना शेजारी बसवायचं, खेरडीला त्यांची आंब्याची वाडी होती तिथवर न्यायचं आणि परत आणायचं. बास. मेकॅनिकने मला आधीच घाबरवून ठेवलं होतं. म्हणाला, "मागच्या वेळचा ड्रायव्हर गाडी धक्के देत चालवत होता. राखोलीला तो पान घ्यायला उतरला, तेवढ्यात बा उतरल्या आणि रिक्षात बसून घरी आल्या. त्या गड्याला पत्ताच नाही, बा मागच्या पडद्याआड आडव्या झाल्या असतील असं समजून तो खेरडीपर्यंत 'बा, बा' करत एकटाच बोलत गेला!"

तर मी अगदी जपून निघालो. बैलगाडीच म्हणा ना. पूल यायच्या आत बांची काठी माझ्या सीटवर वाजली.

"बीक लागे छे तने?"

"भीती नाही बा. तुम्हाला त्रास नको म्हणून हळू..."

"हळू नको. बराबर चलाव."

मी बरोबर चालवायला लागलो. गिअर नीट पडायला लागले, गाडी लयीत आली. दमणगंगेचा पूल ओलांडला. काठी पुन्हा वाजली नाही. वाडी आली, बा खाली उतरल्या, झाडांना हात लावून आल्या, पुन्हा वर चढून बसल्या. परतीला गाडी निघाल्यावर आपणहून बोलायला लागल्या. अर्धं गुजराती, अर्धं मराठी. त्यांच्या नवऱ्याची पहिली गाडी, ड्रायव्हर ठेवायची ऐपत नाही म्हणून तेच चालवायचे. नवी नवरी घरात एकटी कशी ठेवायची, म्हणून बांनाही शेजारी बसवून न्यायचे. "हीच जागा," त्या सीटवर हात ठेवून म्हणाल्या. "आता घरी पलंग आहे, पंखा आहे, डॉक्टरनी गोळी आहे. ऊंघ नथी, झोपच नाही."

मी हं हं करत होतो. समोर म्हशी आडव्या आल्या, मी गाडी अलगद थांबवली, पुन्हा काढली. बांचा आवाज आला नाही. मला वाटलं, रागावल्या. वळून बघितलं तर काठी मांडीवर, डोकं खिडकीला, तोंड थोडं उघडं. गाढ!

यार्डात आलो, गाडी लावली. इंजिन बंद करायला हात नेला आणि थबकलो. झोळी थांबली की लेकरू उठतं, हे मी माझ्या पोरीच्या वेळी बघितलेलं. मी किल्लीवरचा हात काढून घेतला आणि तसाच बसून राहिलो.

गाडी उभी आणि इंजिन चालू! हंसाबेन ऑफिसातून तरातरा आल्या. "ए! बंद कर! डिझेल काय आकाशातून..."

तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली.

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावला. पलीकडे माल चढवणाऱ्या माणसांना त्यांनी हाताने थांबवलं. गेटवर एक गाडी हॉर्न मारणार, तोच वॉचमन दोन्ही हात वर करून तिच्यापुढे धावला. सगळं यार्ड चिडीचूप. फक्त आमचं इंजिन.

मग हंसाबेन पावलं न वाजवता माझ्या बाजूला आल्या, पायरीवर चढल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या,

"पुन्हा एकदा खेरडीला जाऊन ये."