एक काना राहिला

वाचनालयात सगळे तिला अक्का म्हणत. जुने नकाशे सांभाळणं हे तिचं काम. चार महिने खपून तिने सहाशे बारा नकाशे स्कॅनरच्या काचेवर एकेक पसरून कॉम्प्युटरवर घेतले होते. कागद इतके जीर्ण, की जवळ शिंकायचीही चोरी.

आता या फाइली ‘नकाशे’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवायच्या होत्या. माऊसने ओढायला गेलं की कॉम्प्युटर अडून बसायचा. कॉम्प्युटरच्याच धंद्यात असलेल्या धाकट्या भावाने फोनवर एक युक्ती सांगितली: आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघड, एक ओळ टाइप कर, ती एकेक फाइल उचलून फोल्डरमध्ये टाकेल.

अक्काने ओळ टाइप केली, एंटर दाबलं. खिडकीने हूं की चूं केलं नाही. तिने फोल्डर उघडून पाहिला. रिकामा! बाहेर एकच फाइल उरली होती, नाव ‘नकशे’. उघडली तर गटारांचा नकाशा, शेवटचा, सहाशे बारावा.

तिने भावाला फोन लावला.

“अक्का, तू काना गाळलास,” तो म्हणाला. “नकशे नावाचा फोल्डर नव्हताच. मग कॉम्प्युटरने पहिल्या फाइलचंच नाव नकशे केलं. दुसरीलाही तेच नाव दिलं, ती पहिलीवर बसली, पहिली पुसली गेली. असं शेवटपर्यंत.”

“आणि त्याने विचारलं नाही? पेन ड्राइव्ह काढताना दहादा विचारतो मेला!”

“काळ्या खिडकीत विचारत नाहीत. नावापुढे तिरकी रेघ दिली असतीस तर असा फोल्डरच नाही म्हणून अडवलं असतं.”

“मग रेघ सांगितली का नाहीस?”

मग तो चाचरत म्हणाला, “विसरलो.”

“बरं, कचरापेटीत तरी असतील?”

“तिथून गेलेलं कचरापेटीत जात नाही गं.”

अक्काने फोन आपटलाच. भाऊ दुसऱ्या दिवशी येऊन दिवसभर खटपट करून गेला. हाती लागल्या त्या अर्ध्यामुर्ध्या फाइली, एकही धड उघडेना.

शेवटी ती स्वतःच मुख्य ग्रंथपालबाईंकडे गेली. “मॅडम, चार महिन्यांचं काम गेलं. माझ्या हातून. एका कान्यापायी.” बोलता बोलता तिचा आवाज चढला. “आणि दुसरी प्रतही मी ठेवली नव्हती, तेही सांगून टाकते!”

बाईंनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, “मूळ कागद शाबूत आहेत ना? मग चला. मी पसरते, तुम्ही बटण दाबा.”

दोघी कामाला लागल्या. अक्का नकाशागणिक त्या मेल्या खिडकीला आणि भावाला आळीपाळीने बोल लावत होती. बाई कोपरे सरळ करत ऐकत होत्या, मध्येच हसू दाबत होत्या. संध्याकाळपर्यंत पंधरा नकाशे झाले. अक्काने ते पेन ड्राइव्हवर घेतले, ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि घरी पोचेपर्यंत पर्सच्या चेनवरचा हात काढला नाही.