कडी आतून लावली तेव्हा

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालला नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर ठरलेली नोकरी जाणार, एवढंच मला त्या दिवसांत सुचत होतं. गिरणीतली नोकरी सुटून वडील घरी बसले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

प्रोजेक्ट तसा लहान. भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. त्याच्याकडून आकडा आला की इंटरप्ट यायचा, म्हणजे हातातलं काम टाकून कॉम्प्युटर आधी तो आकडा टिपून ठेवायचा. किती आकडे साठले ते माझा प्रोग्रॅम वाचायचा आणि मोजणी शून्यावर आणायचा. नेमका त्या दोहोंच्या मध्ये इंटरप्ट आला, की नवा आकडा हरवायचा.

तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करावेत, असं मला वाटलं. तशी आज्ञा लिहिली, तर कॉम्प्युटरने माझा प्रोग्रॅमच बाहेर फेकला. ती आज्ञा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, कर्नलमध्येच चालते, आम्हा मुलांच्या प्रोग्रॅममध्ये नाही.

मी कॉम्प्युटर विभागातल्या सरांच्या मागे लागलो. शेवटी माझ्या प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा कर्नलमध्ये घालायला ते तयार झाले. "एकदाच हं. आणि जपून."

मी जरा जास्तच जपलो. एकही आकडा हरवू नये म्हणून आधीच इंटरप्ट बंद केले, आणि मग पुढच्या आकड्याची वाट बघणारी ओळ लिहिली.

सगळ्या कॉलेजचा तो एकच कॉम्प्युटर थांबला. लुकलुकणारे दिवे होते तसेच अडकून राहिले, प्रिंटर गप्प झाला. माझ्या वर्गातला एक जण ओरडला, "काय केलंस यार! सगळ्यांची वाट लावलीस ना!"

सर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"आकडा आला हे तुला कळणार कसं होतं?"

"इंटरप्टने, सर."

"आणि तोच तू बंद केलास. घड्याळाचासुद्धा, ज्याच्यामुळे मशीन ठराविक वेळाने कर्नलकडे परत येतं. आता तुझ्या हातातून मशीन काढून घेणारं कोणी उरलं नाही. म्हणून ही आज्ञा तुम्हाला देत नाही रे. आम्हीही दोन-चार ओळींपुरतं बंद करतो, लगेच उघडतो."

"सर, अजून एकदा..."

"आता तुझी पाळी मंगळवारी."

परीक्षक सोमवारी येणार होते.

भांडुपच्या आमच्या चाळीत दिवसा कोणी कडी लावत नाही. लावली तर घरात काहीतरी वाईट घडलंय, असं समजतात. मी गेलो तेव्हा घरात कोणी नव्हतं; मी कडी लावली आणि ओळी दुरुस्त करत बसलो: बंद कर, मोजणी वाच, शून्य कर, उघड. वाट बघायची ती त्यानंतर. बाहेर शेजारणी जमल्या. आई दार ठोकत राहिली, "काय झाला रे झिला? दार उघड पयला!" मी उघडलं नाही. तोंड कुठलं दाखवणार होतो?

सोमवारी परीक्षकांनी माझ्या ओळी वाचल्या. "बरोबर वाटतंय. चालवून दाखव."

"मशीन मिळालं नाही, सर."

त्यांनी कागद परत दिला. वर्ष गेलं, नोकरीही गेली.

घरी आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. आत कडी मात्र नव्हती. वडिलांनी ती उपटून काढली होती.