फक्कीची रेघ

माझ्या चुलत्यांचा डावा हात मी मोडलाय. पाहुण्यारावळ्यांत सांगतात तसा झटापटीत नाही, चांगला नेम धरून, फावड्याच्या दांड्यानं.

बारामती आणि इंदापूरच्या शिवेवर आमचा माळ. वरचं रान तात्यांचं, म्हणजे चुलत्यांचं, खालचं आमचं, मधी आजोबांनी घातलेला सरळ बांध. दर पावसाळ्यात दोन्ही रानांतली माती ओढ्याला जायची आणि खडक उघडा पडायचा. नव्वदनंतर कधीतरी सरकारनं उताराला आडवे ताल, म्हणजे माती अडवणारे बांध, घालायला अनुदान आणलं. आबा, माझे वडील, त्यासाठी तालुक्याला इतके हेलपाटे घालत होते की आई म्हणायची, तिथंच बिऱ्हाड करा. शेवटी शेतकीचे साहेब आले, दुर्बीण लावली आणि पातळी धरून पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. पाणी काय सातबारा वाचून वाहत नाही. रेघ वाकडी निघाली, आमच्या रानातून बांध ओलांडून तात्यांच्या रानात वीस पावलं शिरली. साहेब म्हणाले, "दोघांची संमती लागेल. पावसाच्या आत कागद झाला नाही, तर काम दुसऱ्या गावाला जाईल."

तात्या तेव्हा मेंढरं घेऊन कोकणात. निरोप धाडायचा कुठं? "येऊ दे त्याला, म्होरं बसवून सांगतो," आबा म्हणाले.

वैशाखात तात्या आले ते वरच्या अंगानं, घराआधी रानातच. आमच्याकडं तोवर रानात फक्की पडायची ती मोजणीलाच. त्यांनी रेघ बघितली आणि भावानं पाठीमागं मोजणी आणून हद्द सरकवली, असंच धरून चालले. रेघ पायानं फिसकटत, हातात कुऱ्हाड घेऊन ते खाली आले. आबा आणि मी बांधाला दगड लावत होतो.

"माझी पाठ फिरली आन् रान गिळलं व्हय रं?"

"आरं, ताल हाय त्यो! मातीसाठनं!"

ऐकतंय कोण! कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, आबांच्या कपाळावर बसला. आबा खाली बसले, डोळ्यांत रक्त उतरलं. माझं टाळकंच फिरलं. मी दांडा घातला, तात्यांच्या हातची कुऱ्हाड लांब उडाली. भांडण तिथंच संपलं होतं. ते रिकाम्या हातानं उभे होते, डावा हात आडवा धरून. दुसरा दणका मी त्या हातावर घातला. वाळली तुरकाटी मोडावी तसा आवाज झाला. खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं.

आबांनी उठून माझ्या थोबाडीत दिली. एक, मग दुसरी. "भाऊ हाय त्यो माझा, भाड्या!" त्यांच्या हाताचं रक्त माझ्या गालाला लागलं.

दोघं भाऊ एकाच एसटीनं बारामतीला गेले, एक डोकं बांधायला, एक हात. ताल म्हणजे काय ते आबांनी त्यांना वाटेत सांगितलं. चुलतीनं मात्र दारात उभं राहून माझा मुडदा बशिवला. आता संमती विसरा, असं गाव म्हणायला लागलं. मलाही तेच वाटत होतं. आबांनी वर्षभर धरलेली माती मी दुसऱ्या दणक्यात घालवली होती.

आठ दिवसांनी साहेब कागद घेऊन आमच्या ओट्यावर आले. तात्या न बोलवता येऊन बसले. कोपरापर्यंत प्लास्टर, बाहेर तेवढा सुजलेला अंगठा.

"डावाच अंगठा लागतो का ओ?" आबांनी विचारलं.

"डावाच."

तात्यांनी हात माझ्यापुढं केला. अंगठा हलत नव्हता, दुसऱ्या कुणीतरी धरून ठसा उठवायला हवा होता. मी शाई लावली, अंगठा कागदावर टेकवला आणि तिथंच थांबलो.

"दाब की लेका," तात्या म्हणाले. "त्या दिशी बरा जोर हुता."

मी दाबला. ते कळवळले, पण हात त्यांनी मागं घेतला नाही.