खर्र्याची पन्नी कोणत्या रकान्यात?

तलावाकाठचा कचरा वेचायला मी गेले ती शेजारणीच्या भिडेखातर. नुसतं वेचायचं नव्हतं. उचललेली प्रत्येक वस्तू छापील फॉर्ममध्ये नोंदवायची होती. बाटल्या, झाकणं, निर्माल्य, चपला. मी जन्मभर कचेरीत फॉर्म तपासले, म्हणून लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

सगळ्यांत जास्त निघाल्या खर्र्याच्या पन्न्या. पानठेल्यावर सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या ज्या तुकड्यात घोटून देतात, त्या. फॉर्म बाहेरगावचा असावा, त्यात खर्रा नव्हताच. मी त्या बेधडक ‘खाद्यपदार्थांची वेष्टनं’ या रकान्यात टाकल्या. आपण खर्रा खातोच म्हणतो.

आमच्या गटातली एक पोरगी म्हणाली, “काकू, तंबाखूत लिहा नं.”

“खर्रा वेगळा, तंबाखू वेगळी,” मी म्हटलं.

“वेगळी कशी? पानठेलेवाला त्यात काय चणे घोटते का?”

सगळे हसले. माझी पेन्सिल मात्र तिथंच थांबली. दोन महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, तेव्हा दवाखान्यातला फॉर्म मीच भरला होता. ‘तंबाखू खाता का?’ यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’. खोटं लिहायचं मनातही नव्हतं. आमच्या घरी तंबाखू म्हणजे सासऱ्यांची डबी. हे तर फक्त खर्रा खातात. मलम मिळालं, पुन्हा दाखवायला या म्हणाले, आम्ही गेलो नाही. मला स्वतःचा असा संताप आला, की तो फॉर्म मी दुसऱ्याच्या हातात दिला आणि घरी आले.

दुसऱ्याच दिवशी यांना घेऊन दवाखान्यात गेले. जुना कागद मागून ‘नाही’ खोडलं.

“काहून खोडून राहिली वं?” हे म्हणाले. “मी कुठं तंबाखू खातो?”

डॉक्टरांनी आ करायला सांगितलं. यांचं तोंड पुरतं उघडेना, दोन बोटंही आत जाईनात. मग त्यांनी विचारलं, तिखट झोंबतं का? कधीपासून?

यांनी माझ्याकडे पाहिलं. सावजीचा झणझणीत रस्सा ओरपणारा माणूस दहीभातावर आला, म्हणून वर्षभर मी यांना पाहुण्यांसमोर चिडवत होते. पाहुणे खदखदून हसायचे. हे ओठ मिटूनच हसायचे, आणि मला वाटायचं, लाजले.

“वर्षभरापासून,” मी म्हटलं. डॉक्टरांनी मान वर न करता गालातला तुकडा काढून तपासायला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली.