रघूच्या पिठाला चाळण लागत नसे

कोपरा फाडलेलं कार्ड मुंबईला छापखान्यात माझ्या टेबलावर आलं, तेव्हा मी एका बोलपटाची हस्तपत्रकं तपासत होतो. दहिवलीचा आमचा शेजारी, माझा बालमित्र रघू तापाने गेला होता. तेराव्यानंतर कर्जतला शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी तांदळाचे एक व्यापारी. त्यांनी रघूला 'कलेचा निस्सीम उपासक' म्हटलं... हेच गृहस्थ रघू दिसला की "काय रं, आज कोनाचं दळण?" म्हणून खिदळायचे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. शोकसभेत माना डोलवायला पैसे पडत नाहीत.

रघूला कॅमेरामन व्हायचं होतं. मुंबईच्या एखाद्या कंपनीत चिकटायचं आणि बापाच्या खाचरातल्या चिखलातून कायमचं सुटायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात. गुरू भेटला तोही भलताच. नेरळला एक दमेकरी म्हातारा राहायचा, मूकपटांच्या काळात त्याने कॅमेरा चालवला होता. अजून त्याच काळात जगत होता. त्याच्याजवळ लाकडी पेटीचा जुना कॅमेरा होता, आत फिल्मचा तुकडा नाही. रघू दर रविवारी नेरळ गाठून त्या रिकाम्या पेटीचा दांडा फिरवून यायचा. म्हातारा खोकत सांगायचा, "हात बसला पाहिजे. फेरा जलद नाही, सावकाश नाही. असा हात असेल तर कुठलीही कंपनी तुला उचलून नेईल." आणि आमचं हे येडं ते गाठीला बांधून परत यायचं.

रविवार सोडून उरलेल्या दिवशी हात बसवायचा कशावर? या शहाण्याने आईचं जातं गाठलं. समोर घड्याळ टांगायचं, खुंटा धरायचा, आणि सेकंदाला बरोब्बर एक फेरा. बायका जिथे ओव्या म्हणायच्या तिथे हा बाप्या आकडे म्हणत बसायचा. गाव हसून लोळलं. पण लढाईमुळे तेल मिळेना, पिठाची गिरणी बंद पडलेली. तेव्हा हसणं आवरून बायकांनी आपापली सुपं त्याच्या पडवीत आणून ठेवली. "रघू, आमचं पन घे रं जरा." तोही घ्यायचा, कारण जितकं दळण तितका सराव! त्याला बायल्या म्हणणारी तोंडं त्याच्याच पिठाच्या भाकऱ्या खात होती. लाज म्हणून काही चीज असते, ती आमच्या आळीला कधी शिवली नाही.

त्या तोंडांत माझंही एक होतं. हस्तपत्रकांच्या कामासाठी मी मुंबईत स्टुडिओत जायचो. कॅमेरा आता मोटरवर चालतो, दांडा फिरवणारा कुणाला नको, हे मी पहिल्याच वर्षी डोळ्यांनी पाहिलं. एका शनिवारी घरी आलो तो रघूला हे सांगायचं ठरवूनच. पडवीत तो आमचंच दळण दळत होता. माझ्या आईचे सांधे धरलेले, खुंटा तिच्या हातात राहत नव्हता... रघूने मान वर करून विचारलं, "काय रं, काय बोलतोस?" मी म्हटलं, "काय नाय. चालू दे तुझं."

ते तीन वर्षं चालू राहिलं.

मग खालापूरला नदीकाठी चित्रीकरणासाठी एक कंपनी उतरली. रघू धुतलेला सदरा घालून निघाला, मलाही ओढून नेलं. कॅमेऱ्याभोवती तो दोनदा फिरला आणि कॅमेरामनला म्हणाला, "साहेब, दांडा कुठं हाय?" कॅमेरामन आधी समजलाच नाही. समजल्यावर हसला. "दांडा? अरे, मोटर येऊन किती वर्षं झाली!" मग छत्री धरणाऱ्यापासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळेच हसले. परतीच्या वाटेवर रघूने एवढंच विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"मला कसं ठावं असंल? मी कागद मोजनारा मानूस."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो आमच्या दारात उभा होता. "काकू, दळण द्या." आई म्हणाली, "अरं, आता कशाला?" तो म्हणाला, "तुमचे हात दुखतात ना." पुढे गिरणी सुरू झाली, बाकीच्यांची सुपं पडवीतून गेली. आमचं दळण त्याने अंथरूण धरेपर्यंत सोडलं नाही. माझ्याकडे बघून कधी एक वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शोकसभेत मीही बोललो. 'अकाली' हा शब्द दोनदा वापरला, आवाजही कापरा केला. त्या व्यापाऱ्याला हसायचा मला काय अधिकार? तो निदान तोंडावर हसला होता.

सभेच्या सकाळी आईने डब्याच्या तळाशी उरलेलं रघूचं पीठ परातीत ओतलं. मी सवयीने चाळण पुढे केली. "त्याच्या पिठाला लागत नाय रं," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मग तिने दोनच भाकऱ्या थापल्या, तेवढंच होतं. तिला घास उतरेना.

मी दोन्ही खाल्ल्या आणि सभेला गेलो.