पुसायचं न्हाई

"पुसायचं न्हाई," असं म्हणून ते डस्टर उचलून खिडकीत ठेवायचे. मग फळ्यावर उरलेली चिंचोळी जागा शोधून बारीक अक्षरात पुढचं लिहायचे. तास संपेपर्यंत फळा असा भरायचा, की पुढच्या तासाच्या शिक्षकाची पहिली पाच मिनिटं तो पुसण्यातच जायची. तो पुढचा शिक्षक बहुतेक वेळा मी असायचो. ते गणित शिकवायचे, मी विज्ञान. जालन्याच्या त्या शाळेत आम्ही आठ वर्षं बरोबर होतो.

आपल्या गावात, आपल्या कचेरीत असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ज्याला कुणी विचारत नाही अशी एखादी अवघड गोष्ट तो शिकत बसतो, आणि त्याला पाहून आपल्याला उगाचच राग येतो. मला त्यांचा राग यायचा. का यायचा, ते तेव्हा कळत नव्हतं.

दुष्काळ नुकताच सरला होता. उन्हाळ्यात गणित शिक्षकांचं शिबिर होतं, म्हणून ते मुंबईला गेले आणि येताना एक सायक्लोस्टाइल केलेली चोपडी घेऊन आले. शिबिरातल्या कुणा संशोधकानं ती दिली होती. कॉम्प्युटरशी बोलायची एक भाषा होती, लिस्प नावाची. कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. त्यांनीही मुंबईत काचेपलीकडून पाहिला होता, तोही बंद.

"मशीन न्हाई तर भाषा कशाला शिकून राह्यले सर?" चित्रकलेचे सर विचारायचे.

"मशीन येईल की. आल्यावर शिकायला बसलो तर उशीर होईल."

चोपडीतली शाई जागोजागी पसरली होती. अर्धं पान अंदाजानं वाचावं लागे. एक पान समजायला त्यांना आठवडा लागायचा. समजलं की स्टाफरूममध्ये येऊन कुणाला तरी सांगायचे. बाकीचे उठून जायचे. माझा त्या वेळी मोकळा तास असायचा, म्हणून मी बसायचो.

"फोरट्रान म्हणून दुसरी भाषा हाय, सर. सगळे तीच शिकतेत. तिच्यात लिहितेत, एक्स बराबर एक्स अधिक एक. आता तुम्हीच सांगा, हे बराबर हाय? दोन्हीकडून एक्स काढा. शून्य बराबर एक! पोरानं लिहिलं तर मी कान पिरगाळीन."

"आणि तुमच्या भाषेत?"

"माझ्या भाषेत एक्स म्हणजे पाच म्हटलं की पाच. सहा पाहिजे तर दुसरं नाव घ्या. जुनं पुसायचं न्हाई."

त्या भाषेत कंस फार. एकेका ओळीच्या शेवटी सात-सात कंस बंद व्हायचे. पोरांनी त्यांना कंसमामा नाव पाडलं. खरं सांगायचं तर ते नाव मी पाडलं, पोरांनी नुसतं उचललं.

एकदा शाळेत पाण्याचा टँकर आला होता. पोरं घागरी घेऊन रांगेत उभी होती. ते रांगेच्या तोंडाशी गेले आणि पहिल्या पोराला म्हणाले, "तुझ्या मागं किती जण हायेत? मोजायचं न्हाई. मागच्याला विचार." त्यानं मागच्याला विचारलं, त्यानं त्याच्या मागच्याला. प्रश्न शेपटापर्यंत गेला. शेवटचा पोरगा ओरडला, "माझ्या मागं कुणीच न्हाई!" मग त्याच्या पुढचा म्हणाला एक, त्याच्या पुढचा दोन, आणि उत्तर रांगेतून वर चढत आलं. "एकेचाळीस!" पहिला पोरगा म्हणाला. "पाह्यलं? कुणीच मोजलं न्हाई आन् मोजून झालं," असं म्हणून ते लहान मुलासारखे हसले. टँकरवाला माझ्याकडं बघून कपाळाजवळ बोट फिरवू लागला. मी मान हलवून त्याला दुजोरा दिला.

पण मला ते समजलं होतं. घरी जाताना सायकलवर मी तेच आठवत होतो.

ते बौद्ध होते. वडील मजुरी करायचे, आणि घराण्यात शिकलेले हेच पहिले. स्टाफरूममध्ये माठ होता. त्यातलं पाणी ते कधी पीत नसत, घरून बाटली आणायचे. पिऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. प्या असंही कुणी म्हटलं नव्हतं. चित्रकलेचे सर चहा पिता पिता म्हणायचे, "सवलतीत आता भाषापण मिळती का हो?" आम्ही हसायचो. ते चोपडीतून मान वर काढायचे नाहीत.

त्या पत्राची कल्पना चित्रकलेच्या सरांची. मजकूर माझा.

पुण्याच्या एका कॉम्प्युटर संस्थेचं नाव आम्ही मनानंच तयार केलं. चित्रकलेच्या सरांनी झोकदार अक्षरात तिचं शीर्षक काढलं आणि ओळखीच्या छापखान्यातून एकच कागद छापून आणला. मी शाळेच्या टाइपरायटरवर इंग्रजी पत्र टाइप केलं : आपल्या अभ्यासाबद्दल आम्हाला कळलं आहे. विद्यार्थ्यांची यादी गुणानुक्रमे लावणारा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, आपण लिस्पमध्ये लिहून आणावा. दिवाळीनंतर अमुक सोमवारी तो आमच्या यंत्रावर चालवून पाहू. काम पसंत पडल्यास नेमणुकीचा विचार होईल.

पत्र खरं वाटावं म्हणून मी त्यात त्या भाषेतले दोन शब्द घातले. यादीतला पहिला घटक मागायचा एक शब्द, 'कार'. पहिला सोडून बाकीची यादी मागायचा दुसरा शब्द, 'कॉर', सी-ओ-आर. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. चित्रकलेच्या सरांच्या मेहुण्यानं पत्र पुण्याहून पोस्टात टाकलं.

पत्र आलं तेव्हा ते वर्गात होते. शिपायानं दारात दिलं. तास संपल्यावर ते सरळ माझ्याकडं आले. पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं.

"सर, वाचा. मोठ्यानं वाचा."

मी लिहिलेलं पत्र मी मोठ्यानं वाचलं. चित्रकलेचे सर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले.

दोन-चार दिवसांनी सांगून टाकायचं, असं आमचं ठरलं होतं. सांगितलं नाही. गंमत वाढत होती. ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत बसायचे. दहावी ब च्या पोरांची नावं घेऊन हातानंच कार्यक्रम चालवून पाहायचे. स्वतःच मशीन व्हायचे. एक यादी लावायला दोन दिवस लागायचे. कुठं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं.

आणि मी त्यांच्या शेजारी बसून तपासायचो. आपण पकडले जाऊ नये म्हणून बसतो, असं मी चित्रकलेच्या सरांना सांगायचो. ते अर्धंच खरं होतं. मला गोडी लागली होती. एका दुपारी मी म्हणालो, "सर, यादीत एकही पोरगा नसला तर?"

त्यांनी कागदावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला. "इज्जत वाचवली तुम्ही माझी, सर. तिथं पहिल्याच झटक्याला आडकलो असतो मी."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. पण त्या दिवशी मी चहा मागवला.

त्यांनी आठवड्याची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात त्या पत्राचा हवाला दिला. जाताना अंगात नवा पांढरा सदरा होता. बायको स्टेशनवर सोडायला आली होती. आम्ही दोघंही गेलो होतो. चित्रकलेच्या सरांनी हार नेला होता.

ते परत आले त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटाच होतो. ते स्टुलावर बसले. सदरा मळला होता.

"पत्त्यावर लाकडाची वखार हाय. वखारवाल्यानं पत्र पाह्यलं आन् हसला. मंग म्हणला, तिकडं एका कारखान्यात कॉम्प्युटर हाय म्हणतेत. दोन दिवस गेटवर बसलो. तिसऱ्या दिवशी एक साहेब बाहेर आल्ता, त्यानं उभ्या उभ्या सगळे कागद पाह्यले."

"काय म्हणाला?"

"म्हणला, आमच्या मशीनला ही भाषा येत न्हाई. पण तुमचं बराबर हाय. एकच अक्षर चुकलं, सगळीकडं. त्या दुसऱ्या शब्दात मधलं अक्षर ओ न्हाई, डी हाय. चोपडीत शाई पसरली होती, मला ओ दिसला." त्यांनी खिशातून ते पत्र काढलं. "आन् पत्रातही ओच हाय, सर."

माझ्या हातात परीक्षानळी होती. मी ती धुवत राहिलो.

"ही चूक त्या चोपडीची. तिच्यातून माझ्याकडं आली. माझ्याकडून एकाच माणसाकडं गेली. पुण्याला कशी गेली?"

मी नळ बंद केला नाही.

"इतकं शिकलात सर तुम्ही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "इतकं कशाला शिकलात?"

गंमत चित्रकलेच्या सरांच्या पोटात राहणारी नव्हतीच. चार दिवसांत शाळाभर झाली आणि मुख्याध्यापकांपर्यंत गेली. पण मुख्याध्यापकांनी बोलावलं ते गणिताच्या सरांना. बनावट पत्र दाखवून रजा घेतली, खुलासा द्या. साक्षीला म्हणून मलाही बोलावलं.

"पत्र कुणी लिहिलं, तुम्हाला काही माहीत आहे?" मुख्याध्यापकांनी मला विचारलं.

ते माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या बाहीला खडू लागलेला मला दिसत होता.

"नाही, सर," मी म्हणालो.

"तुमचा कुणावर संशय?" त्यांना विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "मला समजायला पाहिजे होतं."

महिनाभरात त्यांची बदली झाली. भोकरदनच्या पुढं धावड्याला आमच्या शिक्षणसंस्थेची छोटी शाखा होती, तिथं. निरोप समारंभ झाला नाही. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

आता माझं ऐका. दोन-तीन वर्षांनी पुण्याच्या एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर विभागासाठी माणसं घ्यायची जाहिरात आली. मी अर्ज केला. परीक्षेत कोडी होती. एका कोड्यात लांबच लांब साखळीचे दुवे मोजायचे होते, तेही साखळी न उलगडता. खोलीतली बाकीची पोरं इंजिनिअर होती आणि डोकं धरून बसली होती. माझं उत्तर पाच मिनिटांत झालं. मला घेतलं. आजचं माझं घर, मुलांची शिक्षणं, सगळं त्या पाच मिनिटांचं.

अशी भाषा शिकण्यात एवढे कष्ट घेण्यात अर्थ आहे का, असं पुढं कचेरीतली नवी पोरं मला विचारायची. मी म्हणायचो, आहे. डोकं वेगळ्या वळणानं चालायला लागतं. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचो, स्वतःच.

नोकरी लागल्यावर एकदाच धावड्याला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. शाळा दोन खोल्यांची होती. ते बाहेर येऊन लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, मलाही दिली. केस पार पिकले होते. चहा आला. पावसाचं बोलणं झालं, कपाशीचं झालं.

"सर, ती भाषा कुणी वापरत नाही," मी म्हणालो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो असेन. "काही उपयोग नाही तिचा. बरं झालं, तुम्ही सोडलीत."

"उपयोग विचारला न्हाई मी," ते म्हणाले. "तुमच्या मशीनवर चालती का, तेवढं सांगा."

मी खोटं बोलू शकलो असतो. तेवढी सवय होती.

"चालते," मी म्हणालो.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमची गाडी चुकंल."

फाट्यापर्यंत ते सोडायला आले. वाटेत मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोनदा रस्त्याच्या खड्ड्यांविषयी बोललो. एसटी आली. मी चढलो. त्यांनी खालूनच कंडक्टरला हाक मारली.

"यांना भोकरदनला उतरवा," ते म्हणाले. "नवीन हायेत. यांना इथलं कुणी ओळखीचं न्हाई."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. गाडी हलायच्या आतच ते वळले होते आणि शाळेच्या वाटेला लागले होते. पाठ ताठ, पाय भराभर उचलत, तासाला उशीर झाल्यासारखे.