नापास व्हा, पण त्याच्याच शाळेतून

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईला सगळी मुलं मावशी म्हणायची. अंगानं आडवी, आवाजानं खणखणीत. मागच्या बाकावर मारामारी जुंपली की ती नुसती आरशात बघायची; तेवढ्यानं काम भागायचं. तिची स्वतःची मुलगीही त्याच शाळेत, शेवटच्या वर्षाला. गणितात कच्ची, बाकी चारचौघींसारखी.

सहामाहीनंतर मुख्याध्यापकांनी मावशीला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताई, पोरीच्या भल्यासाठी सांगतो. इथला अभ्यास तिला झेपत नाही. दुसऱ्या शाळेत घाला, आरामात पास होईल. मी तिकडे बोलून ठेवतो."

मावशीनं विश्वासानं सही केली. स्वखुशीनं मुलीला दुसरीकडे नेत आहोत, असा तो अर्ज होता. दुसऱ्या शाळेनं हात वर केले. "वर्षाच्या मधेच? आम्हाला कुणी काही बोललेलं नाही." पोरगी घरी बसली, उशीत तोंड खुपसून रडली आणि शेवटी एका पार्लरमध्ये केस धुवायच्या कामाला लागली.

निकाल लागला तेव्हा शाळेच्या फाटकावर मोठा फलक झळकला: शंभर टक्के, सलग सहाव्या वर्षी. मुख्याध्यापकांचा सत्कार झाला. मुलांना आणायला गेलेल्या मावशीनं टाळ्या गाडीत बसून ऐकल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तिला एकेक आठवू लागलं. दरवर्षी सहामाहीनंतर गाडीतल्या काही जागा रिकाम्या व्हायच्या. घर बदललं असेल, असं तिला वाटायचं. घरं तर तिला पाठ होती. ती दारं ठोठावत निघाली. कुणीच घर बदललेलं नव्हतं. एक जण पंक्चर काढत होता, एक मुलगी कापडदुकानात गठ्ठे उचलत होती, एक नुसताच खाटेवर पडून होता. सगळ्यांच्या आईबापांनी तोच चहा पिऊन तीच सही केली होती.

ती शिक्षण कार्यालयात गेली. कुठल्या शाळेतून किती मुलं पास झाली, किती मधेच गळली, किती कॉलेजात पोचली, हे वर्षानुवर्षं मोजणाऱ्या बाई तिथे बसत.

"या शाळेची गळती शून्य आहे," बाई म्हणाल्या. "ही मुलं दुसरीकडे गेलीत."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

बाई अडखळल्या. "ते आम्ही कधी विचारलं नाही."

"मग आता विचारा!"

बाईंनी एक वाट दाखवली. अर्ज मागे घेता येतो. मग शाळेला मूल परत घ्यावंच लागतं. "पण त्याचा निकालही त्याच शाळेच्या नावावर पडेल हं."

मावशी कित्येक दिवसांनी हसली.

ती पुन्हा दारोदार फिरली. "पास व्हा असं मी म्हणतच नाही. खुशाल नापास व्हा. पण त्याच्याच शाळेतून नापास व्हा!"

अकरा जण तयार झाले. पोटची पोर मात्र अडून बसली. "तुझा सूड तू उगव, आई. मला परत त्या बाकावर बसवू नकोस."

मावशीनं अकरा जणांची फुकट ने-आण केली. मुख्याध्यापकांनी फाटकातच अडवलं, तर ती खिडकीतून ओरडली, "सही हसत घेतलीत ना? आता पोरंही हसत घ्या!"

अकरातले सात नापास झाले. शंभराचा डोलारा कोसळला. कार्यालयानं मागच्या सगळ्या वर्षांतल्या 'दुसरीकडे' गेलेल्या मुलांचा पत्ता मागितला आणि तो कुणालाच देता येईना. मुख्याध्यापकांना खुर्चीवरून उठवून पुस्तकांच्या गोदामावर पाठवलं. मावशीनं मुद्दाम गोदामासमोर गाडी थांबवून त्यांना गठ्ठे मोजताना डोळे भरून पाहिलं.

पास झालेले चौघं पेढे घेऊन भेटायला आले, तेव्हा ती खोटंखोटं रागावली. "माझी टक्केवारी बिघडवलीत की रे!" त्यातले तिघं कॉलेजात गेले.

पंक्चरवाला मात्र आला तो तणतणतच. "मावशी, नापासाचा शिक्का माझ्या कपाळावर बसला. तुमच्या नाही."

पुढच्या परीक्षेला त्याला घेऊन ती स्वतः गेली. तो दुसऱ्या खेपेला पास झाला.

एकदा मुख्याध्यापकांची बायको पार्लरमध्ये आली. मुलीनं तिचे केस नेहमीसारखे निगुतीनं धुतले. मावशीला कळलं तेव्हा ती कडाडली, "कढत पाणी ओतायचं होतंस!"

"त्या बाईनं आपलं काय वाकडं केलंय?"

"त्याच्या घरात राहते ना!"

दोन दिवस मावशी लेकीशी बोलली नाही. अजूनही त्या घरावरून जाताना ती हॉर्नवरचा हात उचलत नाही.